प्रांजलनं नाव मागं घेतलं

म्हसवडच्या पल्याड, जिथं बाभळ बी इचार करून उगवती, तितल्या एका वाडीत हरणाबाईला दोन लेकरं. थोरला धनाजी, आन त्येच्या मागनं लय वरसांनी झालेली प्रांजल. धनाजीची ओळख काय सांगायची? मेंढरांचा तसला पारखी चार तालुक्यांत न्हाई. त्येचा मेंढा जत्रंत उभा राहिला की बाकीचे मालक आपापलं जनावर घेऊन सावलीला जात्यात. शाळा आठवी. पण ही गोष्ट त्येची न्हवं, प्रांजलची हाय, आन प्रांजलपुढं धनाजी बी जरा मागं सरकून उभा राहतो. दुसऱ्या कुणापुढं सरकत न्हाई.

प्रांजल शिरवळला एका कारखान्यात कामाला हाय. दूध गार ठेवायच्या टाक्या करत्यात तितं. गावोगावच्या डेअरीत ज्या चकचकीत टाक्या असत्यात, त्येंच्या अंगाला एक डबा असतो, आन डब्यात हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर. दूध किती गार झालं, मोटर कवा लावायची, कवा थांबवायची, समदं त्योच बघतो. त्या कॉम्प्युटरच्या पोटात जी सिस्टीम चालती ती कुण्या एका शेठची न्हाई. जगभरातली माणसं मिळून ती लिहित्यात. कुणी पोलंडात बसलेला, कुणी जपानात, कुणी अमेरिकेत. आन त्येंच्यात एक माणदेशातली धनगराची पोरगी. हाय का दुसरी कोण? आसली तर दाखवा.

ते काम चालतं कसं, हे प्रांजलनं आईला चुलीपुढं बसून सांगितलं हुतं. एखाद्यानं सिस्टीमीत बदल केला, की त्यो समद्यांम्होरं मांडायचा. ज्येला त्यातलं कळतं त्येनं ओळ न् ओळ वाचायची, आपल्या मशिनीवर चालवून बघायचं. चुकत आसंल तर तसं सांगायचं, आन बरोबर आसंल तर खाली आपलं नाव लावायचं. नाव लागलं म्हंजी ह्या माणसानं डोळ्यानं बघितलंय. वरचा मुख्य माणूस ती नावं बघतो, आन मंगच बदल आत घेतो. प्रांजलकडं जुन्या बोर्डांचं रिस्टार्ट हुतं. मशीन आपलं आपण बंद हून परत उठतं, त्यासाठी जो कोड लिहिलेला असतो, त्येच्यात कुणी बी हात घातला की ते आधी हिच्याकडं बघायला येणार.

हरणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हंजी तू मागचं बघतीस.”

“व्हय आये. मागचंच बघती.”

हे मागचं बघणं त्या घरात पिढ्यान् पिढ्या. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णेकडं उतरायचं, कडेगावच्या उसाच्या पट्ट्यात. ज्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची तितला मुक्काम उठला, की घोड्यावर बिऱ्हाड चढायचं, वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळायची, कुत्री पुढं पळायची. आन समद्यात धाकटं पोर मागं थांबायचं. त्येनं मोकळ्या जागंत फिरून यायचं. एखादं कोकरू पाचटात झोपलंय का, खुट्टी राहिली का, चुलीत इस्तू जिता हाय का. ते पोर “काय न्हाई” म्हणून वरडलं, की मंगच घोड्याचं पाऊल पुढं.

प्रांजल धाकटी, म्हणून ते काम तिच्याकडं. एकदा हिनं समदं बिऱ्हाड पार ओढ्याला लागल्यावर थांबिवलं. कायतरी राहिलंय म्हणाली, काय ते सांगता येईना. मेंढरं खोळंबली, चुलतं बडबडाय लागलं. ही परत गेली, धुंडाळत बसली, आन घेऊन काय आली तर एक उलथनं. समदे हसले. धनाजीनं ते तिच्या हातनं घेतलं, सदऱ्याला पुसलं आन म्हणाला, “उलथनं तर उलथनं. आपलंच हाय न्हवं?” त्यावर परत कुणी हसलं न्हाई. धनाजी तवा सोता बी पोरगाच हुता, पण त्येचं आसंच.

कडेगावला ज्या रानात त्येंची मेंढरं बसायची, त्येची मालकीण सुलाबाई. ना नात्याची, ना जातीची. एकटी बाई, पण समद्या शिवारावर तिचा आवाज. प्रांजलचा जन्म तिच्याच बांधावरचा. पाणी तापवून दिलं तिनं, आपलं जुनं लुगडं फाडून दिलं तिनं. पोरगी सा-सात वरसाची झाली तवा ती प्रांजलच्या बापाला, दादासोला म्हणाली, “मेंढरं न्या तुमची कुठं न्यायची ती. पोरगी हितं ठेवा. शाळंत घालती.”

दादासोचं गुडघं तवाच धरलेलं. मेंढरामागं एक माणूस कमी झाला तर कळप कुणी वळायचा? धनाजी आठवीत हुता. त्येनं दप्तर घरात खुट्टीला अडकवलं आन काठी घेतली. कुणी सांगितलं न्हवतं, आन त्येनं बी कुणाला सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मेंढरामागं बापाच्या जागी पोरगा दिसला, एवढंच.

प्रांजल कडेगावला सुलाबाईच्या घरात वाढली. सुलाबाईनं तिला कवा मेंढक्याची पोरगी म्हणून ओट्यावर जेवाय बसिवलं न्हाई, सैपाकघरात आपल्या ताटाशेजारी ताट. पुढं कराडला इंजिनेरिंग. कराडच्या हॉस्टेलवर धनाजी भेटाय जायचा तो खांद्यावर घोंगडं टाकून. पोरी खिडकीतनं बघायच्या. प्रांजल धावत खाली यायची आन समद्यांदेखत म्हणायची, “माझा दादा आलाय.” त्या एका वाक्यासाठी धनाजी माणदेशातनं कराडला चार यष्ट्या बदलून गेला आसता. जायचाच.

तर आता ह्या वरसाच्या जत्रंचं.

जत्रंला प्रांजल शिरवळवरनं घरी आली, पण काम संग घेऊन. पिशवीत लॅपटॉप, आन रुमालात गुंडाळलेला एक जुना बोर्ड. त्याच आठवड्यात पोलंडातल्या तोमाश नावाच्या माणसाचा बदल बघायचा हुता. लय अनुभवी माणूस. रिस्टार्टच्या कोडात त्येचा हात जुना. त्येच्या चार ओळी वाचल्या तरी शिकाय मिळतं, आसं प्रांजल म्हणायची.

बदल आसा. मशिनीला रिस्टार्ट म्हणलं की ती येगयेगळ्या रीतींनी उठायचा प्रयत्न करती. पैली रीत न्हाई चालली तर दुसरी, दुसरी न्हाई तर तिसरी. तोमाशनं नवी रीत समद्यांच्या आधी घातलेली. बोर्डावर लाईट सांभाळणारी एक चिप असती, तिलाच सांगायचं, की समद्यांचा करंट एक डाव तोड आन परत सोड. साफ काम, झटक्यात काम. प्रांजलनं कोड वाचला. तिला आवडला. आता जुन्या बोर्डावर चालवून बघायचं राहिलं.

सोप्यातल्या भिंतीला बोर्ड लावला. बाहेर अंगणात पावण्यांचा कालवा, आत पुरणपोळ्या. प्रांजल लॅपटॉपवरनं रिस्टार्टचा हुकूम सोडायची, उठून आईला पोळ्या लाटू लागायची, परत येऊन बघायची. बोर्डाचा बारका हिरवा दिवा लागलेला. उठला हुता. परत हुकूम, परत पोळ्या, परत दिवा. एक-दोनदा जरा उशीर लागला. तिनं मनात म्हणलं, जुना बोर्ड हाय, म्हातारं माणूस उठाय येळ घेतंच. दुपार उतरायच्या आत तिनं फाट्यावर रेंजला जाऊन तोमाशच्या बदलाखाली आपलं नाव लावलं आन हसत घरी आली.

धनाजी सोप्यात पाणी पीत उभा. “काय गं, हसतीस का?”

“दादा, मोठ्या बदलाला नाव लावलं मी आज. जिथं जिथं ही चिप हाय तिथल्या समद्या मशिनींवर जाईल ह्यो बदल.”

“समद्या म्हंजी? साताऱ्यातल्या?”

“जगातल्या रं.”

बास. धनाजीनं तांब्या खाली ठेवला, गाडीला किक मारली आन गेला. कुठं गेला कुणाला कळलं न्हाई. कळलं सकाळी. वाडीच्या फाट्यावर, नानासोच्या चहाच्या टपरीवर, दोन खांबांच्या मदी ह्यो भला मोठा फ्लेक्स. ‘माणदेशाची शान! जगाचे कॉम्प्युटर जिच्या सहीने रिस्टार्ट होतात, त्या आमच्या भगिनी इंजिनिअर कु. प्रांजल यांचे हार्दिक अभिनंदन!’ प्रांजलचा फोटो कॉलेजातला. त्येच्या शेजारी धनाजी, गॉगल लावून, फेटा बांधून, तिच्या दीडपट. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं कोपऱ्यात एक जुन्या काळातला पोटवाला कॉम्प्युटर बी टाकलेला.

नानासो चहा गाळता गाळता म्हणाला, “धनाजी, अभिनंदन तुझं हाय का तिचं? फोटूवरनं कळंना झालंय.”

“आवं नाना, रोपाला टेकू लागतोच की.”

“टेकूच झाड झालाय गड्या.”

लोक हसले, धनाजी बी हसला. हसू द्या. फाट्यावरनं येणारा-जाणारा गाडी हळू करून वाचत हुता, आन तेवढ्यासाठीच तर ते लावलं हुतं. प्रांजलला घरी कळलं तवा ती डोक्याला हात लावून बसली, पण वंगाळ काय वाटलं न्हाई तिला. दादाला आनंद झाला की त्यो गावाला दिसंल आसाच होतो, हे तिला लहानपणापासनं ठावं.

त्या दिवशी दुपारी धनाजी पावण्यांना नवी कडबाकुट्टी दाखवत हुता. अंगणातनं त्येचा आवाज सोप्यात यायचा.

“साधी समजू नगा. आशी मोटर ह्या वाडीत एकाकडं न्हाई. लावली की समद्या घराची लाईट खाली बसून रामराम घालती. बघाच.”

खटका पडला. कडबाकुट्टी गुरगुरली. आत सोप्यात पंखा मंदावला, बल्ब पिवळा पडला, आन परत उजळला. पावणे “आरं वा” म्हणाले.

प्रांजल बोर्डापुढं बसली हुती. तिनं कसला बी हुकूम सोडला न्हवता, हात बी लावला न्हवता. आन तिच्या डोळ्यांदेखत हिरवा दिवा इझला, आन परत लागला.

तिनं वर पंख्याकडं बघितलं. मंग उठून बाहेर आली. “दादा, काल दुपारी लावलीवतीस का ही?”

“लावलीवती म्हंजी? दिसभर. जो येईल त्येला दाखवत हुतो. का गं?”

ती वळली. आत गेली, बोर्डाची वायर भिंतीतनं उपसली, आन आपल्या पिशवीतल्या पॉवर बँकेला लावली. आता वाडीची लाईट बसू दे न्हाईतर उठू दे, बोर्डाला त्येचं सुतक न्हाई. तिनं रिस्टार्टचा हुकूम सोडला. दिवा इझला. ह्या येळंला ती पोळ्या लाटाय गेली न्हाई. बघत बसली. हरणाबाईची चूल इझली, पावणे चहा पिऊन गेले, दिवा लागंना. वायर काढून परत घातली, परत हुकूम सोडला. परत तसंच. ना धड बंद, ना धड चालू.

काल जी उठवत हुती ती धनाजीची कडबाकुट्टी. तोमाशची रीत न्हवं.

मंग तिनं कोड परत वाचला, आन आता डोळ्यांला दिसाय लागलं. रिस्टार्टच्या अगदी शेवटच्या घडीला सिस्टीमीनं बाकीच्या समद्यांना झोपवलेलं असतं. आन त्या चिपला निरोप द्यायचा तर निरोप नेणारा जागा पायजे. तोमाशच्या नव्या बोर्डावर आसा निरोप्या हाय जो झोपंत बी पोचवतो. जुन्या बोर्डावरचा न्हाई तसला. त्यो झोपलेला, आन सिस्टीम त्येची वाट बघत उभी. जन्मभर उभी राहील. दुसरी रीत हाय, तिसरी हाय, पण पैलीतनंच सुटका न्हाई तर तिथवर पोचणार कोण?

डेअरीतल्या एखाद्या टाकीवर आसं झालं तर दूध नासणार. पण आसले बोर्ड नुसते डेअरीत न्हाईत. कुठं पवनचक्कीत, कुठं डोंगरावरच्या पाऊस मोजायच्या खोपटात, जिथं दिवस दिवस माणूस फिरकत न्हाई. ते समदे झोपले की उठायचे न्हाईत. आन खाली नाव कुणाचं? प्रांजलचं.

तिनं धनाजीला आत बोलवून समदं सांगितलं. त्येला निरोप्याचं आन झोपायचं कळलं का न्हाई कुणास ठाऊक, पण एवढं कळलं की बहीण नाव मागं घ्यायचं म्हणतीया.

“मागं म्हंजी? समद्यांम्होरं?”

“समद्यांम्होरंच लावलंय तर समद्यांम्होरंच काढाय लागंल.”

धनाजी खांबाला टेकला. “प्रांजे, फाट्यावर फ्लेक्स हाय. उद्या कुस्त्या. समदा तालुका त्येच्याखालनं जाणार. जत्रा होऊ दे. सोमवारी सांग की.”

“मुख्य माणूस आज-उद्यात बदल आत घेतो दादा.”

“मंग दुसरं कोण तरी बघंल की. एवढी जगातली माणसं बसल्यात.”

“न्हाई बघायची. माझं नाव बघून म्हणतील, हिनं बघितलंय जुन्या बोर्डाचं. माझं नाव हाय म्हणूनच कुणी बघणार न्हाई.”

हरणाबाई परातीतलं पीठ झाकता झाकता म्हणाली, “धन्या, तुझ्या फोटूपायी तिनं खोटं बसायचं व्हय रं?”

“मी तसं म्हणलो का आये?”

“तोंडानं न्हाई म्हणलास.”

प्रांजलला भ्या न्हवतं आसं न्हाई. लय भ्या हुतं. त्या माणसांत ती कशीबशी आत शिरलेली. हिचं इंग्रजी पुस्तकातलं, कडेगावच्या शाळंतलं. पैली दोन वरसं तिनं नुसतं वाचलं हुतं, एक अक्षर लिहायची छाती झाली न्हवती. मंग कुणीतरी तिच्यावर इश्वास टाकून जुने बोर्ड तिच्याकडं दिले. आता न तपासता नाव लावलं म्हणलं तर उद्या तिला कोण इचारणार? बरं, तपासलं तर हुतं. पण कडबाकुट्टीनं फसवलं हे कुठल्या तोंडानं लिहायचं? पोलंडातल्या माणसाला कडबाकुट्टी कशी समजवायची?

तरी ती उठली. वाडीत रेंज नसती. रेंज फाट्यावर, आन फाट्यावर बी चांगली कुठं, तर नानासोच्या बाकड्यावर, बराबर फ्लेक्सच्या खाली. धनाजीनं गाडी काढली. तोंड फुगलेलं हुतं, पण गाडी त्येनंच काढली, हे बी सांगाय पायजे.

टपरीवर जत्रंची माणसं. नानासोनं बाकड्यावरनं दोघांना उठवलं. “सरका रं, जगाला रिस्टार्ट करणारी आली. बस पोरी. आज चहा माझ्याकडनं.”

प्रांजल आपल्याच फोटूखाली बसली. लॅपटॉप मांडीवर उघडला. आन लिहिलं, जसं झालं तसं. माझ्या घरात मोटर लावली की लाईट बसती, त्या धक्क्यानं बोर्ड उठत हुता, मी समजले बदलानं उठला. बॅटरीवर लावून बघितलं, उठत न्हाई. कारण मला दिसतंय ते आसं आसं. माझं नाव मी मागं घेते. चूक माझ्या तपासण्यातली हाय. बदल आत घेऊ नका.

तिचं बोट थांबलं. नानासो वाकून बघत हुता. “काय चाललंय गं? सही का आणिक?”

“न्हाई नाना. नाव मागं घेतीया. माझी चूक झाली बघण्यात.” आन तिनं बटण दाबलं.

कुणीतरी फ्लेक्सकडं बघितलं, मंग समद्यांनीच. नानासोनं फडकं खांद्यावर टाकलं. “मंग धनाजी, ह्या फ्लेक्सचं काय करायचं गड्या? त्यो बी मागं घ्यायचा का?”

धनाजी गाडीवरनं उतरला. प्रांजलनं मान वर केली न्हाई. तिला वाटलं, आता दादा भांडतोय न्हाईतर निघून जातोय.

“घ्यायचा की,” धनाजी म्हणाला. “त्येच्यावरचं खोटं झालंय तर घ्यायचाच. नाना, विळा द्या.”

चप्पल काढून गडी खांबावर चढला. सुतळ्या तोडल्या. फ्लेक्स खाली आला त्यो निम्मा नानासोच्या टपरीवर आन निम्मा चहाच्या भांड्यावर. खाली उतरून त्येनं समद्यांकडं एक डाव बघितलं. आवाज तसाच, भरल्या जत्रंत मेंढ्याचा भाव सांगतो तसा.

“ऐका रं. माझी बहीण चुकली. कुणी पकडली न्हाई तिला, तिचं तिनं पकडलं. आन जगाम्होरं लिहून टाकलं, हितं, तुमच्यादेखत. हाय का कुणाची बहीण आशी? भाऊ बी चालंल. नाना, तुमी चहात पाणी घालताय हे आमी वरसानुवरसं बोलतोय, तुमी एकदा तरी मागं घेतलं का?”

नानासो म्हणाला, “पाणी मागं कसं घेत्यात गड्या?” आन बाकडं हसलं. नानासो सोताच समद्यांत जास्त हसला. प्रांजल बी हसली, पण हसता हसता तिला समोरचं दिसंना झालं. कराडच्या हॉस्टेलच्या पायऱ्या उतरताना तिनं जे सांगितलं हुतं समद्यांना, ते आज दादा सांगत हुता.

रात सरली. सकाळी कुस्त्यांचा आखाडा भरायच्या आधी धनाजीच म्हणाला, “चल फाट्यावर, बघू काय म्हणतोय तुझा पोलंडवाला.” त्येला तिच्यापेक्षा जास्त घाई.

तोमाशचं उत्तर आलं हुतं. प्रांजलनं वाचलं, आन परत पैल्यापासनं वाचलं.

“शिव्या घातल्या का?” धनाजी म्हणाला. “घातल्या आसतील तर सांग, पोलंड कुठं हाय ते बी सांग.”

“आभार मानलेत दादा. म्हणतोय, माझ्याकडं एकाच जातीचे बोर्ड हायत. तुमी बोलला नसता तर मला कवाच कळलं नसतं, आन आसल्या मशिनी उठल्या नसत्या. म्हणतोय, नाव लावणारे लय हायत, नाव काढाय येणारे कमी.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं, मराठीत करून. धनाजीनं गॉगल काढून खिशात ठेवला.

“आन खाली इचारलंय, की ही मोटर कसली, जी बोर्डाला उठवती?”

मंग कडबाकुट्टीचा फोटू काढणं आलं. फोटूत कडबाकुट्टी थोडी आन धनाजी जास्त, ते सांगाय नकोच. तोमाशनं उत्तर दिलं, की त्येचा आजा बी गवत कापायचं मशीन ठेवायचा, पण त्येच्या मशिनीनं कवा कोड तपासला न्हवता. ही गोष्ट धनाजीनं त्या दिवशी कुस्त्यांच्या आखाड्यात ज्येला त्येला सांगितली. कुस्त्या कुणी मारल्या ते त्येच्या ध्यानात बी न्हाई.

जत्रा झाली, प्रांजल शिरवळला गेली. जाताना वाट वाकडी करून कडेगावला सुलाबाईला भेटली. सुलाबाई आता थकलीया, कानाला कमी येतं. प्रांजलनं समदं तिच्या कानाशी वरडून सांगितलं. म्हातारी म्हणाली, “मला त्यातलं काय कळत न्हाई बाय. पण तुझ्या आईला सांग, त्या रातीचं लुगडं माझं वाया गेलं न्हाई.” प्रांजलनं तिच्या पायावर डोकं ठेवलं ते लवकर उचललं न्हाई.

पुढं तोमाशनं आन प्रांजलनं मिळून बदल नव्यानं मांडला. निरोप्या झोपला आसंल तर त्या वाटंला जायचंच न्हाई, सरळ दुसरी रीत धरायची. एवढंच, पण ते बसवताना बरंच लिहिणं-खोडणं झालं. कवा तोमाशचं चुकायचं, कवा प्रांजलचं, आन दोघं बी एकमेकाला तोंडावर सांगायची. पैल्यासारखं तिला घाम फुटत न्हवता आता. एकदा समद्यांम्होरं चूक कबूल केली, की मंग बोलायला मोकळं वाटतं, आसं ती धनाजीला फोनवर म्हणाली.

धनाजी रोज फोन करायचा. मेंढरं वळता वळता, एका हातात काठी.

“झालं का गं?”

“न्हाई दादा. बघतीया.”

“बघ बघ. नीट बघ. घाई न्हाई.” आन फोन ठेवता ठेवता, “आज हुईल का पण?”

शिरवळच्या कारखान्यात प्रांजलनं जुन्या बोर्डांची रांग मांडली, मिळतील तेवढे, मागच्या गोदामातले, धुळीतले, कोपरा तुटलेले बी. समदे बॅटरीवर. भिंतीच्या लाईटचा संबंधच ठेवला न्हाई. शेजारच्या टेबलावरची मयूरी, साताऱ्याची, म्हणाली, “अगं किती वेळा करशील? उठतायत की सगळे.” प्रांजल म्हणाली, “उठू दे. बघत बसायला काय लागतंय?” आन खुर्ची ओढून समोर बसली. हुकूम सोडला. दिवे इझले. ती जागची हलली न्हाई. एक लागला, मंग दुसरा, मंग रांगेनं समदे. परत सोडला. परत समदे.

मंग तिनं बदलाखाली नाव लावलं. ह्या येळंला तोमाशनं वर एक ओळ आधीच घातलेली, की ही अडचण पैल्यांदा हिनं शोधली. म्हंजी एकाच बदलात तिचं नाव दोन जागी. मुख्य माणसानं बदल आत घेतला, आन खाली एक शब्द लिहिला, धन्यवाद.

फोन वाजला. मागं मेंढरांचा आवाज, कुत्र्याचा आवाज.

“झालं का गं?”

“झालं दादा. आत गेलं.”

पलीकडं मेंढरांना हाळी दिल्याचा आवाज आला.

“पक्कं?” धनाजी म्हणाला. “लाईट बिईट न्हाई ना मदी?”

“न्हाई. बॅटरीवर, आन डोळ्यांपुढं.”

“मंग आता सांगू का लोकास्नी?”

आजवर ह्या माणसानं कुठली गोष्ट सांगाय कुणाची परवानगी घेतली न्हवती. प्रांजलनं फोन कानाला घट्ट धरला. खुट्टीला अडकवलेलं ते दप्तर तिनं लहानपणी बघितलेलं, लय दिवस कुणी काढलं न्हवतं तितनं. आपलं चांगलं झालं की ते गावाला सांगाय धावणारं माणूस प्रत्येकाच्या नशिबात कुठं असतं?

“सांग दादा,” ती म्हणाली. “सावकाश सांग, पण समद्यांना सांग.”

तिनं फोन ठेवायच्या आधीच त्यो वरडाय लागला हुता. माळावर माणूस कुणी न्हवतं, म्हणून पैल्यांदा मेंढरांनाच सांगितलं.